रुंदीकरण, 43 झाडं आणि माझी पहिली लेखी हरकत

शनिवार, 6 जुलै 2024. सकाळी दूध आणायला निघाले तेव्हा कोपऱ्यावरच्या वडाला कागद डकवलेला दिसला. वटपौर्णिमा होऊन पंधरा दिवस झाले होते. बुंध्याभोवतीचं सूत पावसाने काळवंडलं होतं आणि त्या सुतावरच खळ फासून कागद लावला होता. आधी वाटलं, क्लासची जाहिरात असेल. जवळ जाऊन वाचलं. रस्ता रुंदीकरणात बाधित होणारी 43 झाडं काढण्याचा प्रस्ताव आहे, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावी. खाली तारीख 3 जुलै. म्हणजे तीन दिवस गेलेच होते, शनिवार-रविवार कार्यालय बंद, हातात उरले सोमवार, मंगळवार आणि बुधवार.

मी एका खासगी कंपनीत हिशेब बघते. महापालिकेत यापूर्वी गेले ती घरपट्टीवर नाव लावायला, तेवढीच. हरकत कशी लिहितात, कुठे देतात, ती दिल्यावर पुढे काय होतं, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या रात्री शोध शोध शोधलं तर आंदोलनांच्या बातम्या भरपूर मिळाल्या, पण अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हे कोणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून दहा महिन्यांनी हे लिहिते आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कायदा राज्यभर एकच आहे आणि कामाची पद्धतही बहुतेक महापालिकांत अशीच असावी.

आधी रस्त्याबद्दल सांगते. आमचा रस्ता 12 मीटरचा, विकास आराखड्यात तो 18 मीटर दाखवलेला. एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला बंद पडलेला जकात नाका, मधे जुन्या बंगल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सोसायट्या. शाळा सुटायच्या वेळी रिक्षा, स्कूल व्हॅन आणि शहर बस एकमेकींच्या तोंडाशी येऊन उभ्या राहतात, ते मी रोज बघते. रस्ता रुंद व्हायला हवा ही मागणी खोटी नव्हती. आमच्या शेजारच्या काकांनी ती वीस वर्षं लावून धरली होती. 2022 च्या पावसाळ्यात काकूंना रात्री अटॅक आला तेव्हा अँब्युलन्स शाळेच्या वळणावर पंचवीस मिनिटं अडकली. काकू वाचल्या, पण ती पंचवीस मिनिटं काका विसरलेले नाहीत.

त्यामुळे मी नोटिशीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तेव्हा पहिलं उत्तर त्यांचंच आलं. "एकदाचं काम होतंय. आता कोणी फाटे फोडू नका."

त्यानंतर ग्रुपवर जे झालं त्याने मला दोन रात्री झोप लागली नाही. तरुण मुलांनी भोसे गावच्या वडाची आठवण काढली. सांगली जिल्ह्यातला तो चारशे वर्षांचा वड 2020 मध्ये महामार्गात जाणार होता, लोक उभे राहिले आणि रस्ता वळवला गेला. त्यावर एकाने लिहिलं की भोसेला मोकळी शेतं होती, इथे रस्ता कुठे वळवणार, माझ्या बेडरूममधून? कोणी पुण्याचा नदीकाठ प्रकल्प काढला. 44 किलोमीटरचा तो प्रकल्प, त्यातल्या झाडांसाठी 29 एप्रिल 2023 ला लोकांनी काढलेला 'चिपको' मोर्चा. त्याला अहमदाबादच्या साबरमती नदीकाठाच्या फोटोंनी उत्तर आलं. मग मुंबईतल्या आरेची झाडं. मग 'विकासविरोधी' हा शब्द आला आणि तो माझ्या नावापुढे लागला. मी तोवर फक्त नोटिशीचा फोटो टाकला होता, एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. पंधरा वर्षं ज्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाते त्यांच्याकडून ते वाचताना फार लागलं.

रविवारी गणपती मंडळाच्या खोलीत बैठक झाली. तीसेक माणसं आली. पहिला तासभर भांडणातच गेला. शेवटी शाळेत शिकवणाऱ्या एका वहिनींनी साधा प्रश्न विचारला. यातली नक्की कुठली 43 झाडं आहेत, कोणाला माहीत आहे का? कोणालाच माहीत नव्हतं. नोटिशीत फक्त आकडा होता. यादी कार्यालयात बघायला मिळेल असं छापलेलं होतं. मग ठरलं की आधी यादी आणायची, मत नंतर बनवायचं. माझं ऑफिस महापालिकेच्या जवळ, म्हणून काम माझ्याकडे आलं.

सोमवार, 8 जुलै. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. इथे एक गोष्ट सांगते, जी मला स्वतःला त्या दिवशी एका निवृत्त कारकुनांनी जिन्यात उभं राहून सांगितली. राज्य शासनाचा 2018 सालचा एक निर्णय आहे. त्यानुसार जिल्हास्तरावरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना कागदपत्रं पाहता येतात, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस थांबायची गरज नाही. पुणे महापालिकेने ही पद्धत त्याच्या बरीच आधी सुरू केली होती. मी तीनला पाच मिनिटं असताना उद्यान विभागात जाऊन उभी राहिले. टेबलावरच्या बाईंना तो निर्णय माहीत नव्हता. त्यांनी आत विचारलं, आत कोणीतरी फोन लावला. पावणेचारला फाईल समोर आली.

फाईल वाचायची कशी हेही शिकावं लागतं. वर लाल दोरी, आत पानांना उजव्या कोपऱ्यात पेनाने क्रमांक. सगळं वाचायच्या फंदात पडू नका, दोनच गोष्टी शोधा: झाडांची यादी आणि रस्त्याचा नकाशा. यादीत झाडाचा क्रमांक, जात, बुंध्याचा घेर, वय आणि 'काढणे' की 'पुनर्रोपण' असे रकाने होते. मी फोटो काढायला परवानगी मागितली, ती मिळाली नाही, म्हणून वहीत उतरवून घेतलं. 43 ओळी, सव्वा तास. झाड क्रमांक 17, वड, घेर 180 सेंमी, वय 25.

कोपऱ्यावरचा वड पंचवीस वर्षांचा? माझं लग्न होऊन अठरा वर्षं झाली. मी या घरात आले तेव्हाच त्याच्या पारंब्या जमिनीला टेकलेल्या होत्या.

वयाचा हा रकाना का महत्त्वाचा ते त्या रात्री कायदा वाचताना कळलं. कायदा आहे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975. त्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढ्या संख्येने नवी झाडं लावायची आणि सात वर्षं जगवायची. आणि 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हे हेरिटेज वृक्ष. म्हणजे वय 25 लिहिलं की पंचवीस रोपांत काम भागतं आणि हेरिटेजचा प्रश्नच उभा राहत नाही. हे कोणी जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. यादी कंत्राटी माणसांनी दोन दिवसांत केली होती असं पुढे समजलं.  आमच्या 43 झाडांचा निर्णय शहरातच होणार होता.

मंगळवारी पहाटे साडेपाचला आम्ही सहाजणी आणि दोन मुलं मोजायला निघालो. घेर छातीच्या उंचीला, जमिनीपासून साधारण 1.37 मीटरवर मोजतात. माझ्याकडे शिवणाची टेप होती, ती दीड मीटरची. वडाला ती कुठे पुरायला? शेवटी सुतळी गुंडाळली, गाठ मारली, रस्त्यावर सरळ पसरली आणि मग मोजली. 512 सेंमी. वहिनींनी दोनदा मोजायला लावली. यादीतला आकडा 180. सुतळी भिजलेली होती, तिला ताण देऊन वाढवायला नको म्हणून आम्ही ती सैल धरूनच मोजली होती.

त्या सकाळी सगळी 43 झाडं पहिल्यांदा एकेक करून पाहिली. त्यात 14 सुबाभळी होत्या, त्यांतल्या चार तर विजेच्या तारांवर कललेल्या. गुलमोहोर सहा, दोन पोखरलेले. सगळीच झाडं वाचवा असं लिहायचं मी त्या दिवशी मनातून काढून टाकलं. ग्रुपमधल्या तरुण मुलांना ते आवडलं नाही, एकजण आजही माझ्याशी नीट बोलत नाही. पण जे झाड उद्या पावसात रिक्षावर पडेल त्याच्यासाठी मी वडाची बाजू लंगडी करणार नव्हते. वड, दोन पिंपळ, सात कडुनिंब, शाळेसमोरची सात जुनी वर्षावृक्षं आणि दोन करंज. एकूण 19 झाडांवर हरकत घ्यायचं ठरलं.

आता वडाचं वय सिद्ध कसं करायचं? घेर सांगता येतो, पण वय किती हे आम्ही कोण सांगणार? कोणीतरी म्हणालं, जुना फोटो हवा. जुने फोटो आमच्या गल्लीत एकाच घरात होते.

मी संध्याकाळी काकांकडे गेले. दारात उभी राहिले तेव्हा खरं सांगते, परत फिरावं असं वाटत होतं. काकूंनी आत बोलावलं, चहा टाकला. काका पेपर वाचत होते, त्यांनी वर बघितलं नाही. मी सगळं सांगितलं. रस्त्याला माझा विरोध नाही, वय चुकीचं लागलंय, पुरावा हवाय. ते बराच वेळ गप्प होते. मग उठले, कपाटातून जरीच्या कापडात बांधलेला अल्बम काढला. लग्नाची वरात, चौकात बँडवाले, घोड्यावर काका, आणि त्यांच्या फेट्यामागे वड. तेव्हाही दुमजली घराएवढा. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आणि शाईने लिहिलेली तारीख, 14 मे 1967.

काकांनी चार कोपऱ्यांतून फोटो अलगद सोडवला. अल्बमच्या काळ्या पानावर फिकट चौकोन राहिला. "झाड जुनं आहे हे खरं आहे," ते म्हणाले. "खरं ते लिही. पण रस्ता हवा हेही खरं आहे. तेही त्याच कागदावर लिही."

त्यांच्या त्या शब्दांनी माझा अर्ज बदलला. तोवरच्या मसुद्यात नुसता नकार होता. रात्री नकाशाची टिपणं पुन्हा काढून बसले. रुंदीकरण रस्त्याच्या सध्याच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सारखं धरलं होतं, तीन मीटर इकडे, तीन मीटर तिकडे. पण झाड क्रमांक 12 ते 21 ज्या बाजूला आहेत त्याच्या समोर काय आहे? जुना जकात नाका. 2013 मध्ये जकात गेली, तेव्हापासून ती जागा महापालिकेच्याच ताब्यात, कुंपणाच्या आत गवत आणि गंजलेल्या गाड्या. साधारण 140 मीटर लांबीत मध्यरेषा नाक्याच्या बाजूला सरकवली तर रस्ता अठराचा अठरा मीटर होतो आणि त्या पट्ट्यातली झाडं वाचतात. कोणाचं खासगी कुंपणही पाडावं लागत नाही. हे कोणाला सुचलं नव्हतं असं नाही, पण फाईलमध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं.

बुधवार, 10 जुलै, शेवटचा दिवस. अर्ज तीन पानी झाला. पहिल्या परिच्छेदात रस्ता रुंद करण्यास आमची हरकत नाही हे लिहिलं. मग झाडांचा तक्ता: क्रमांक, यादीतला घेर, आम्ही मोजलेला घेर, फोटो. मग वडाचं वय आणि 1967 च्या फोटोची रंगीत प्रत. मग जकात नाक्याच्या बाजूचा पर्याय, हाताने काढलेल्या नकाशासकट. शेवटी एक ओळ जी कधीही विसरू नका: "या हरकतीवर निर्णय घेण्यापूर्वी आम्हाला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी." तेवीस सह्या झाल्या. काकांची सही तेविसावी.

अर्ज देताना मला तीन ठिकाणी फिरवलं गेलं. प्रभाग कार्यालयाने मुख्य इमारतीत पाठवलं, मुख्य इमारतीतल्या आवक-जावक कक्षाने उद्यान विभागात, उद्यान विभागाने परत आवक-जावकमध्ये. दुपारचे साडेचार वाजले होते. तिथल्या माणसाने अर्ज घेतला आणि "ठेवा, पोचवतो" म्हणाला. पोचपावती मागितली तर "एवढ्याला कशाला?" असं उत्तर आलं. मी तशीच उभी राहिले. दहा मिनिटांनी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख मिळाली. तो शिक्का पुढे किती उपयोगी पडला ते येईलच. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या, शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारून घ्या, आणि त्याच दिवशी ई-मेलवरही पाठवा.

मग काहीच नाही. जुलै गेला. पावसात नोटिशीचा कागद विरघळून पडला. रोज सकाळी बाहेर येऊन आधी वडाकडे बघायची सवय लागली. आरेचं मनात होतं. 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. आमचं प्रकरण केवढंसं, पण भीती तीच.

सुनावणीचं पत्र शनिवारी 3 ऑगस्टला आलं, सुनावणी मंगळवारी 6 तारखेला. तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात साठेक माणसं जमली होती. वृक्ष अधिकारी, पथ विभागाचे दोन अभियंते आणि लिहून घेणारा एक लिपिक. त्या काळात राज्यातल्या बऱ्याच महापालिकांसारखं आमच्याकडेही प्रशासकांचं राज्य होतं. मुदत संपून दोन वर्षं झाली तरी निवडणूक नाही, त्यामुळे नगरसेवक नाहीत. एरवी माणूस आधी नगरसेवकाच्या दारात जातो. तेव्हा आयुक्त हेच प्रशासक आणि वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्षही तेच. रस्ता मंजूर करणारा आणि झाडं काढायला परवानगी देणारा एकच हात. हे मला आजही बरोबर वाटत नाही आणि मी ते सुनावणीत बोललेही. लिपिकाने लिहून घेतलं.

आवक नोंदवहीत 61 हरकती होत्या. त्यांतल्या 34 एकाच छापील मजकुराच्या, फक्त नाव आणि सही वेगळी. त्या सगळ्या मिळून एक हरकत धरल्या गेल्या आणि चार मिनिटांत संपल्या. "पर्यावरण वाचलं पाहिजे," असं जे कोणी कळकळीने बोलले त्यांना "नोंद घेतली" एवढं उत्तर मिळालं. मला वाईट वाटत होतं, कारण त्यांची कळकळ खरी होती. पण समोरचा माणूस झाडाचा क्रमांक विचारतो आणि क्रमांक सांगता आला नाही की पुढचं नाव पुकारतो.

माझं नाव यादीतच नव्हतं. "तुमची हरकत मुदतीत आलेली नाही," असं सांगण्यात आलं. हात थरथरत होते, पण पिशवीत पोचपावती होती. आवक क्रमांक वाचून दाखवला, 10 जुलैचा शिक्का समोर धरला. त्यांनी नोंदवही पुन्हा चाळली. नोंद सापडली. अर्ज दुसऱ्याच विभागाच्या गठ्ठ्यात गेला होता.

मला अकरा मिनिटं मिळाली. अभियंत्यांनी सुतळीचा मुद्दा उडवून लावला, "टेपने मोजलंय का?" म्हणाले. मी म्हटलं, साहेब, तुम्ही टेप घेऊन या, आम्ही उभे राहतो. मग फोटो दाखवला. वृक्ष अधिकाऱ्यांनी तो हातात घेतला, चष्मा वर करून मागची तारीख वाचली आणि विचारलं, "हे कोण?" काका माझ्या मागेच बसले होते. ते उठले. "मी," म्हणाले. सभागृहात पहिल्यांदा शांतता झाली. मग काका रस्त्याबद्दल बोलले, अँब्युलन्सच्या त्या रात्रीबद्दल बोलले. रस्ता लवकर करा म्हणाले. आणि शेवटी म्हणाले की नाक्याची जागा अकरा वर्षं पडून आहे, ती वापरा.

मध्यरेषा सरकवता येईल का, या प्रश्नावर अभियंत्यांनी "तपासून अभिप्राय देऊ" असं सांगितलं. ते इतिवृत्तात घ्या असा आग्रह मी धरला. तोंडी आश्वासनाला नंतर आधार राहत नाही.

पुन्हा मोजणी 22 ऑगस्टला झाली, टेपने. 508 सेंमी. आमची सुतळी चार सेंमी जास्त दाखवत होती.

आदेश 9 ऑक्टोबरला निघाला, म्हणजे विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आठवडाभर आधी. मला तो पोस्टाने आला नाही, जाऊन आणावा लागला. 43 पैकी 24 झाडं काढायची, 6 पुनर्रोपण, 13 जागेवर ठेवायची. मध्यरेषा नाक्यापाशी सरकवली होती. क्रमांक 17 जागेवर. आम्ही हरकत घेतलेल्या 19 पैकी 13 वाचली होती. शाळेसमोरची चार वर्षावृक्षं आणि दोन कडुनिंब पुनर्रोपणात गेले. मी आदेश जिन्यातच वाचला आणि तिथल्या पायरीवर बसून रडले. आनंदाने की त्या सहा झाडांसाठी, मला सांगता यायचं नाही.

हे माहीत असू द्या: परवानगी दिल्यापासून पंधरा दिवस झाड तोडता येत नाही. कोणाला न्यायालयात जायचं असेल तर ते पंधरा दिवस तेवढ्यासाठीच आहेत. आमच्यातल्या काहींना जायचं होतं. वकिलांकडे जाऊन आलो, खर्च आणि वेळ ऐकला आणि बहुमताने थांबलो.

तोड 18 डिसेंबरला सुरू झाली. पुनर्रोपणाची झाडं जानेवारीत हलवली. पुनर्रोपण या शब्दावर माझा आता फारसा विश्वास राहिलेला नाही. पन्नास फुटी वर्षावृक्षाच्या सगळ्या फांद्या छाटून, मुळं तोडून, क्रेनने उचलून माळावर पुरलेला खांब मी पाहिला. सहापैकी चार मार्चपर्यंत वाळले. उरलेल्या दोघांना पालवी आहे, त्यातल्या एकाला फक्त एका बाजूने.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या हिशेबात नव्हती. नाक्याच्या कुंपणाला लागून तीन टपऱ्या होत्या, एक चहाची, एक पंक्चरची आणि एका आजीची, भाजीची. रस्ता तिकडे सरकला आणि त्या उठल्या. मध्यरेषेचा पर्याय मी लिहिला होता, टपऱ्या मी लिहिल्या नव्हत्या. हाताने नकाशा काढताना त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि तरी मी तिथे 'मोकळी जागा' असं लिहिलं. पंक्चरवाल्यांना पुढच्या चौकात जागा मिळाली, चहावाले आता शाळेच्या गेटपाशी गाडी लावतात. भाजीच्या आजी कुठे बसतात ते मला अजून कळलेलं नाही. प्रभाग कार्यालयात पथविक्रेत्यांच्या यादीत त्यांचं नाव आहे का ते विचारून आले, नाही म्हणाले. तुम्ही पर्याय सुचवणार असाल तर त्या जागेवर दिवसाच्या तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन उभे राहा आणि तिथे कोण कोण असतं ते लिहून काढा.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. फोटोंच्या प्रिंट, झेरॉक्स, रिक्षा, स्टॅम्प, सगळं धरून 1,300 रुपयांच्या आत झालं, ते आम्ही वाटून घेतलं. रजा मात्र माझ्या पाच गेल्या.

आता उरलाय तो नव्या झाडांचा हिशेब. 24 झाडांच्या वयांची बेरीज आदेशात 611 आहे, म्हणजे 611 रोपं लावायला हवीत. कुठे लावली? 17 फेब्रुवारी 2025 ला माहिती अधिकारात अर्ज केला. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांत. म्हणून एवढंच विचारलं: रोपांची यादी, जागा, लावल्याची तारीख, जिओ टॅगिंगचे फोटो. प्रती 2 रुपये पानाने मिळतात, त्यासाठी पैसे भरायची तयारी आहे असंही लिहिलं. तीस दिवस झाले, उत्तर नाही. 1 एप्रिलला प्रथम अपील केलं, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प. इथे मुदत सांभाळा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की पुढच्या तीस दिवसांत अपील करायचं असतं, आणि लोक नेमके "अजून थोडं थांबू" म्हणत तिथेच चुकतात.

अपिलाची सुनावणी 6 मे रोजी सकाळी साडेअकराला आहे. काका येणार म्हणतात. त्यांचा फोटो मी ऑक्टोबरातच परत नेऊन दिला होता. त्यांनी तो अल्बममध्ये लावला नाही, पाकिटातच ठेवलाय. पुन्हा लागला तर म्हणून.